जरा कुत्रा धरतोस का?

गेल्या शुक्रवारी सकाळी मेलबर्नमधल्या फुट्सक्रेच्या व्हिटन ओव्हल मैदानावर एका म्हाताऱ्याने मला हेर ठरवलं, माझी वही तपासली, तोंडी परीक्षा घेतली आणि मी पास झाल्यावर बक्षीस म्हणून स्वतःचा कुत्रा माझ्या हातात दिला. मध्ये शनिवार-रविवार गेला तरी डोक्यातून जात नाहीये. बायको म्हणाली, लिहून काढ एकदाचं, म्हणजे मला परत ऐकावं लागणार नाही.

मी तिथे काय करत होतो ते आधी सांगतो, कारण म्हाताऱ्यालाही पहिला प्रश्न हाच पडला होता. वेस्टर्न बुलडॉग्ज ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधली आमची टीम. आमची म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेकडे राहणाऱ्यांची. टारनिट, पॉइंट कुक, वेरिबी या भागात संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं की घराघरातून फोडणीचे वास येतात, तेव्हा 'आमची' म्हणायला मी कुणाची परवानगी काढलेली नाही. सामने मार्चमध्ये सुरू होतात, पण तयारी नोव्हेंबरपासूनच चालू असते, आणि त्यातले काही सराव कुंपणाला टेकून फुकट बघता येतात. शुक्रवारी माझं वर्क फ्रॉम होम असतं. होम म्हणजे नक्की कुठलं, हे ऑफिसने कधी विचारलेलं नाही. शिवाय मैदानापासून जवळच, वेस्ट फुट्सक्रेच्या बार्कली स्ट्रीटवर आपली किराणा दुकानं आहेत. त्यामुळे घरातून निघताना 'रवा संपलाय' एवढं कारण पुरतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान क्रिकेटचं, चेंडू अंडाकृती, एका बाजूला १८ माणसं, अंगावर पॅडबिड काही नाही. चेंडू लाथेने मारायचा, नाहीतर एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. नुसता फेकला की फाउल. हातात घेऊन पळायचं तर दर १५ मीटरला जमिनीवर आपटून परत पकडायचा, आणि अंडाकृती चेंडू आपटल्यावर कुठे जाईल हे देवालाही सांगता येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथेने मधल्या दोन खांबांतून घातला तर ६ गुण, आणि नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी १ गुण. चुकल्याबद्दल गुण देणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही. नाशिकला आमच्या गणिताच्या सरांना ही पद्धत कळली असती तर माझी दहावी वेगळी झाली असती.

सराव बघणं हा खरं तर कंटाळवाणा प्रकार आहे आणि म्हणूनच मला तो आवडतो. मॅचच्या दिवशी जीव टांगणीला लागतो. सरावात कुणी हरत नाही. प्लास्टिकचे शंकू मांडलेले असतात. शिट्टी वाजते, धिप्पाड पोरं या शंकूपासून त्या शंकूपर्यंत पळतात, परत शिट्टी वाजते, परत पळतात. प्रत्येकाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, जर्सीच्या आतल्या खिशात एक छोटं जीपीएस यंत्र असतं, त्यावरून कोण किती आणि कसा पळाला ते लॅपटॉपवर दिसतं. (ही कल्पना माझ्या ऑफिसला सुचू नये.) पलीकडच्या कडेला दुखापतवाल्यांचा वेगळा गट फिजिओबरोबर फेऱ्या मारतो, आणि आमच्यासारख्यांचं खरं लक्ष तिकडेच असतं. त्या गटातून कोण सुटला, कोण नव्याने दाखल झाला, कुणाच्या मांडीला पट्टी आहे, कोण नुसताच कमरेवर हात ठेवून उभा आहे. ही बातमी पेपरवाल्यांच्या आधी आमच्या टारनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचवणं ही माझी जबाबदारी. ती मला कुणी दिलेली नाही. एरवी ग्रुपवर कुणाची सासू कधी येतेय आणि आंब्याची पेटी कुणाकडे उतरणार, एवढंच चालू असतं.

म्हणून वही. फेब्रुवारीच्या उन्हात फोनच्या काचेवर स्वतःच्या तोंडाखेरीज काही दिसत नाही. वही म्हणजे मुलीची गेल्या वर्षीची शाळेची, तिची मागची कोरी पानं. मी मराठीत लिहितो, कारण भराभर लिहायचं तर हात मराठीतच चालतो. आकडे तेवढे इंग्रजी. या खेपेला आणखी एक काम होतं: पिशवीत मुलीची लाल-पांढरी-निळी जर्सी आणि काळा मार्कर. सराव संपला की खेळाडू कुंपणापाशी येतात, पोरांना सह्या देतात. कप्तान मार्कस बॉन्टेम्पेलीची सही घ्यायची, असं मुलीला कबूल केलं होतं.

आता म्हातारा.

त्याची जागा ठरलेली आहे. घडीची खुर्ची, खुर्चीच्या हातात कप ठेवायचं भोक, त्या भोकात थर्मासचं झाकण. ऊन मी म्हणत असताना डोक्यावर क्लबाची लोकरी टोपी. पायाशी बुलडॉग जातीचा कुत्रा, चारी पाय चार दिशांना आणि जीभ पाचव्या. हाउसिंग सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ असतात, त्यांच्याकडे पद कुठलंच नसतं, पण त्यांना विचारल्याशिवाय पाहुण्यांची गाडीसुद्धा आत लागत नाही. हा म्हातारा त्या जातीचा. क्लबाचा कुणीही नव्हे, पण कुंपण त्याच्या ताब्यात.

मी खाली मान घालून लिहीत होतो. कानाशी आवाज आला, "काय लिहितोयस, मेट?"

"सराव."

"कुणासाठी?"

"मित्रांसाठी."

"कुठले मित्र?"

"टारनिटचे."

"टारनिट," तो म्हणाला. हे नाव त्याने तोंडात जरा घोळवलं आणि त्याला चव काही बरी लागली नाही. "दाखव."

आणि मी दाखवली. का दाखवलीस, असं बायकोने विचारलं, ग्रुपनेही विचारलं. विचारणं सोपं आहे. 'दाखव' म्हटलं की वही पुढे करायची ही सवय शाळेत लागते, आणि पुढे व्हिसाच्या, पासपोर्टच्या, भाड्याच्या घराच्या खिडक्यांसमोर उभं राहून ती पक्की होते. विमानतळावर स्फोटकांच्या तपासणीसाठी दर वेळी निव्वळ योगायोगाने निवडला जाणारा माणूस कागद दाखवायला फार वेळ लावत नाही.

म्हाताऱ्याने वही उलटी धरली. मग सुलटी. मग पुन्हा उलटी.

"हे काय आहे?"

"मराठी."

"कोड आहे का?"

"भाषा आहे."

"मग ही वर रेघ कशाला मारलीयस?"

शिरोरेघेबद्दल आजवर मला कुणी जाब विचारला नव्हता. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी 'रेघ नाही मारलीस' म्हणून कान पिळला होता, तेवढाच काय तो संबंध. मी म्हटलं, "असतेच ती." म्हाताऱ्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत, कागद संपला तिथे थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. रेघ कुठे तरी पुढे जाते आणि मी ते लपवतोय, असा त्याचा एकूण चेहरा होता.

"इथे चार लिहिलंय. चार म्हणजे बॉन्ट. बॉन्टबद्दल काय लिहिलंयस?"

"मस्त दिसतोय, असं."

"मस्त म्हणजे तब्येतीने की दिसायला?"

"दोन्ही."

यावर त्याने मान डोलावली. या मुद्द्यावर फुट्सक्रेत दुमत नाही.

"आणि हे? खाली पाच ओळी. नंबर एकालाही नाही. इथे फक्त दोन किलो लिहिलंय."

"तो रवा आहे."

"नवीन पोरगा आहे का?"

"किराणा आहे. दुकानातून न्यायचं सामान."

"फुटबॉलच्या वहीत?"

"वही एकच आहे."

"आणि या ओळीवर काट का मारलीयस?"

"मेथी. बायकोने सांगितलं, राहू दे."

"असं बायकोने सांगितलं," म्हातारा सावकाश म्हणाला आणि खिशातून फोन काढून त्याने त्या पानाचा फोटो घेतला. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, माझा शेजारी श्रीलंकेचा आहे, तो वाचेल. मी म्हटलं, त्याला नाही वाचता येणार. "तुला काय माहीत?" म्हातारा म्हणाला. "तू ओळखतोस त्याला?"

या युक्तिवादाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

इथे मला खरा राग आला, आणि तो अजून पूर्ण उतरलेला नाही. दुसऱ्या टीमची माणसं सराव बघायला येतात, डावपेच टिपून नेतात, हे म्हातारा सांगत होता ते अगदीच खोटं नाही. म्हणून तर काही सराव बंद दाराआड होतात. पण त्या दिवशी कुंपणाला बरीच माणसं होती. एकाच्या गळ्यात हातभर लेन्सचा कॅमेरा होता. दोघांकडे दुर्बिणी होत्या. एक बाई तर फोन कुंपणावर टेकवून पहिल्या शिट्टीपासून अख्खा सराव शूट करत होती, आणि म्हातारा तिला मधून मधून 'सावलीत ये गं' म्हणत होता. या सगळ्यांना सोडून संशय आला तो तिसरीच्या चौकटीच्या वहीचा. वहीचाच, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझ्या डोक्यावर बुलडॉग्जची टोपी होती, पाकिटात मेंबरशिपचं कार्ड होतं. मी ते काढून दाखवलं आणि विचारलं, "हेर असा येतो का?"

"हेर असाच येतो," म्हातारा म्हणाला.

मग परीक्षा सुरू झाली. नागरिकत्वाच्या परीक्षेत २० प्रश्न असतात आणि खाली पर्याय दिलेले असतात. इथे पर्यायही नव्हते.

"या कुत्र्याचं नाव चार्ली. का?"

"चार्ली सटन. १९५४. कप्तान तोच, कोचही तोच."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. मी चुकावं अशी त्याची मनापासून इच्छा होती. १९५४ हे आमच्या टीमचं पहिलं विजेतेपद, आणि दुसरं थेट २०१६ साली. मध्ये ६२ वर्षं. तेवढ्या काळात माणूस जन्माला येतो, शिकतो, लग्न करतो, निवृत्त होतो आणि कुंपणाशी खुर्ची टाकून लोकांच्या वह्या तपासायला लागतो.

"दाराशी पुतळा कुणाचा?"

"टेड व्हिटन."

"किती मॅचेस?"

"३२१."

"२०१६ ला फायनल्स सुरू झाल्या तेव्हा आपण कितवे होतो?"

"सातवे. सातव्या नंबरवरून त्याआधी कुणीही जिंकलेलं नाही."

'आपण' त्याने म्हटलं होतं. त्यात मी धरलेला होतो की नाही, ते स्पष्ट झालं नाही. मी पुढचं न विचारताच सांगितलं: कप्तान बॉब मर्फी गुडघा जायबंदी होऊन वर्षभर बाहेर बसला होता, जिंकल्यावर कोच ल्यूक बेव्हरिजने स्टेजवर स्वतःच्या गळ्यातलं मेडल काढून मर्फीच्या गळ्यात घातलं. हे मी कितीदाही सांगितलं तरी माझा घसा दाटतो. म्हाताऱ्याचेही डोळे भरले. त्याने थर्मास उघडला आणि चहा स्वतःलाच ओतला.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "पाठ बरं केलंयस. पण तू मूळचा क्रिकेटवाला. तुम्ही लोक क्रिकेटवाले."

हे वाक्य मी ऑफिसात ऐकलंय, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून ऐकलंय, आणि गंमत म्हणजे मराठी मंडळाच्या गणपतीतही ऐकलंय, तिथे ते 'काय रे, आपलं क्रिकेट सोडून हे काय' अशा रूपात येतं. दोन्हीकडून मार. इकडच्यांना वाटतं मी उसना आलोय, तिकडच्यांना वाटतं मी पळून गेलोय. आणि मला क्रिकेट आवडत नाही असं मुळीच नाही. पण क्रिकेट आवडण्यासाठी मला इथे कुणी वही मागून काही विचारत नाही. ते मला न मागता बहाल केलेलं असतं. तर मी म्हाताऱ्याला सुनावलं. म्हटलं, हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढलाय. टॉम विल्स क्रिकेटपटू होता. १८५८ साली त्याने पेपरात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, त्यांच्यासाठी एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात नियम लिहिले गेले. तेव्हा क्रिकेटवाला म्हणून बघितलं तर यावर पहिला हक्क माझाच.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "विल्स मेलबर्नचा होता. फुट्सक्रेचा नव्हता."

आतमध्ये तोवर शंकू उचलून सामन्याची तालीम सुरू झाली होती. अर्ध्यांनी वेगळ्या रंगाची बनियनं चढवली होती, एकमेकांच्या अंगावर धडाधड आपटत होते, हाडावर हाड वाजल्याचं कुंपणापर्यंत ऐकू येत होतं. एक पोरगा दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत चढला आणि चेंडू घेऊन पाठीवर पडला, आणि उठून हसला. सबंध सकाळीतली बघण्यासारखी गोष्ट ती, तीही मी अर्धीच पाहिली, कारण म्हाताऱ्याने शेवटचा प्रश्न काढला होता.

"१९८९ ला तू कुठे होतास?"

हा प्रश्न पेपर सेट करणाऱ्याने मुद्दाम नापास करायला घातलेला असतो. "नाशिकला," मी म्हटलं. "तिसरीत."

"मी इथे होतो. डबा घेऊन." आणि मग त्याने सांगितलं, आणि ते मात्र मी निमूट ऐकलं. १९८९ च्या ऑक्टोबरात लीगने ठरवलं की फुट्सक्रेचं (आमच्या टीमचं तेव्हाचं नाव) दिवाळं वाजलंय, तेव्हा हा क्लब फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करून टाकावा. आयरीन चॅटफील्ड या समर्थक बाईंच्या नावाने कोर्टात दावा पडला, पीटर गॉर्डन नावाच्या वकिलाने लढा हातात घेतला, आणि क्लबाला तीन आठवडे मिळाले. तीन आठवड्यांत १५ लाख डॉलर उभे करायचे. पश्चिमेकडची माणसं, कारखान्यांत नाहीतर गोदीत राबणारी, डबे खुळखुळवत दारोदार फिरली आणि पैसे जमले. क्लब वाचला. फिट्झरॉय सात वर्षांनी ब्रिस्बेनच्या क्लबात विरून गेला.

आता यावर काय बोलणार? डबा फिरवलेल्या माणसाला कुंपण आपल्या बापाचं वाटत असेल तर ते अगदीच चूक म्हणता येत नाही, एवढं मला कळतं. पण हे कळल्याने राग कमी होत नाही, उलट तो काढायला जागा राहत नाही. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मीही त्या वर्षी दारोदार फिरत होतो. वर्गणीला."

"कुठल्या टीमच्या?"

"गणपतीच्या."

"ते जिंकले का?"

"ते दरवर्षी जिंकतात."

म्हाताऱ्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. "डबा की पावती?"

"पावतीपुस्तक. आणि एक मोठा मुलगा बरोबर, हिशेबाला."

"आतमध्ये दिवा चालू, टीव्ही चालू, आणि दार उघडत नाहीत?"

"पडद्यातून बघतात. आपल्यालाही दिसतं की ते बघतायत."

"आणि दोन डॉलर टाकून अर्धा तास भाषण देतात!"

"अकरा रुपये देऊन गेल्या वर्षीचा हिशेब मागतात!"

"हरामखोर," म्हातारा प्रेमाने म्हणाला. नाशिकच्या गल्लीतले कुलकर्णी आणि गॉर्डन स्ट्रीटवरचा त्याचा कोण तो शेजारी, दोघांना आम्ही मिळून पाचेक मिनिटं धुतलं. त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि या वेळी माझ्यापुढे धरला. साखर नव्हती. मी प्यालो. मला वाटलं, झालं, आता मी यांच्यातला.

तेवढ्यात लांब शिट्टी वाजली, सराव संपला आणि खेळाडू पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतत कुंपणाच्या त्या टोकाकडे चालायला लागले. पोरांचा लोंढा तिकडे धावला. मी वही मिटली, पिशवीतून जर्सी काढली, मार्करचं टोपण दातांनी उघडलं. आणि म्हाताऱ्याने माझ्या मनगटात साखळी अडकवली.

"जरा कुत्रा धरतोस का? दोनच मिनिटं."

हो-नाही म्हणायच्या आत तो निघालासुद्धा. मघापर्यंत खुर्चीतून उठताना गुडघ्यांना शिव्या घालणारा माणूस सात-आठ वर्षांच्या पोरांमधून कोपरं मारत वाट काढताना मी पाहिला. आणि मी जाणार, तर चार्ली माझ्या डाव्या बुटावर बसला.

बुलडॉग हा प्राणी चित्रात आक्रमक दिसतो. प्रत्यक्षात तो बसतो. एकदा बसला की तो स्थावर मालमत्तेत मोडतो. मी साखळी ओढली, त्याच्या मानेच्या वळ्या पुढे आल्या, कुत्रा जागेवर राहिला. मराठीत हाक मारली, इंग्रजीत मारली, शेवटी पिशवीतला खाकरा दाखवला. त्याने तो खाल्ला आणि परत बसला, आता दोन्ही बुटांवर. लाळेची एक तार माझ्या पॅन्टवरून मोज्यात उतरत होती. तिकडे बॉन्टेम्पेली, चांगला साडेसहा फुटाच्या आसपासचा, पोरांच्या गर्दीत डोकं-खांद्यासकट वर दिसत होता, वाकत होता, सही करत होता, परत सरळ होत होता. प्रत्येक वेळी तो सरळ झाला की मला दिसायचा आणि मी जर्सी हलवायचो. एका लहान मुलीने येऊन विचारलं, तुमच्या कुत्र्याला हात लावू का? मी म्हटलं, माझा नाही हा. तिच्या आईने मुलीला मागे ओढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की श्रीलंकेच्या शेजाऱ्याला पाठवायला तिनेही फोटो काढायचाच बाकी होता.

आणि मग एक खेळाडू खरंच माझ्या दिशेने आला. कोण ते सांगत नाही, बिचाऱ्याचा काही दोष नाही. घामाने निथळत, बूट हातात घेऊन, सरळ माझ्याकडे. कप्तान नसेना का, सही ती सही. माझ्या एका हातात साखळी, दुसऱ्यात जर्सी, मार्कर दातात. मी "प्लीज" म्हटलं, ते मार्करमुळे भलतंच काही तरी ऐकू गेलं. तो गुडघ्यावर बसला, त्याने चार्लीचे दोन्ही गाल ओढले, त्याच्या कपाळावर कपाळ टेकवलं, उठला, मला म्हणाला, "मस्त कुत्रा आहे, मेट," आणि निघून गेला.

ही टीम मी इतकी वर्षं मनोभावे पाळली, तिच्यातल्या माणसाने माझ्याशी बोललेलं हे एकमेव वाक्य.

म्हातारा आला तेव्हा कुंपण रिकामं झालं होतं. लोकरी टोपी हातात, टोपीच्या पट्टीवर ताजी सही. त्या पट्टीवर आधीच्या इतक्या सह्या होत्या की नवीन कुठली हे त्यालाच शोधावं लागलं. त्याने ती मला दाखवली, फुंकर मारून वाळवली, माझ्या हातातल्या कोऱ्या जर्सीकडे पाहिलं आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं, "तू नाही गेलास?"

मी साखळी परत दिली. त्याने शिटी वाजवली तशी चार्ली टुणकन उठला.

जाताना म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी आहेस ना? चार्लीला तू आवडलास." शिवाय कॅमेरावाल्याला ओरडून सांगितलं, "हा आपलाच आहे, ठीक आहे हा, कुत्रा चांगला धरतो." कॅमेरावाल्याने अंगठा वर केला. त्यालाही कुत्रा असेल असं मला तेव्हाच वाटायला लागलं.

ग्रुपवर मी सविस्तर रिपोर्ट टाकला: कोण दुखापतीतून बाहेर, कोण आत, त्या हवेतल्या झेलाचं वर्णन, आणि शेवटी हा सगळा प्रकार. सरावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकाने विचारलं, पिल्लं मिळतील का. दुसऱ्याने विचारलं, रवा बारीक मिळाला की जाड.

संध्याकाळी मुलीला समोर बसवून सांगितलं. एका आजोबांनी असं असं केलं, ते वाईट नाहीत गं, त्यांनी क्लबसाठी डबा फिरवला होता, पण सही काही मिळाली नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं, बाबा. मी आता कॉलिंगवूडची आहे."

ज्यांना याचा अर्थ कळत नाही ते सुखी आहेत. वर्गात तिच्या बाकावर एक नवीन मुलगी आलीय, तिच्या घरातले सगळे कॉलिंगवूड या दुसऱ्या टीमचे, म्हणून ही पण. ६२ वर्षं, चार्ली सटन, मर्फीच्या गळ्यातलं मेडल, हे सगळं मी तिला अंगाईगीतांच्या जागी सांगितलेलं. आता वाढदिवसाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी हवी, आणि तिच्यावर सहीसुद्धा हवी.

"त्यांचा पण सराव असतो ना?" ती म्हणाली. "तिथे जाऊ या. त्यांचा मॅगपाय आहे, तो तुला धरावा नाही लागणार."

मी म्हटलं, मॅगपाय डोक्यात चोच मारतो.

"मग टोपी घाल," ती म्हणाली. "बुलडॉग्जची नको."